तिसऱ्या मजल्यावरची माळ

इंदूकाकूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, ती मला जमत नाही. तिच्या तेराव्याला मी गेले होते, पानावर बसून नीट जेवले, खीर दोनदा मागून घेतली, पण माफ मात्र केलं नाही. आता माझे गुडघे कुरकुरतात, कॉलेजातली नोकरी संपली, नातवंडं झाली, तरी नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, किती जुनं उकरत बसतेस, दे ना सोडून." सोडून द्यायला मी काय हिमालयात जाऊन बसले आहे? हे प्रकरण मी इंदूकाकूच्या नावाने बोटं मोडायलाच लिहायला घेतलं आहे, वाचणाऱ्याने तेवढं समजून घ्यावं.

आमची चाळ लालबागला होती. आता तिथे टॉवर आहे आणि त्याच टॉवरच्या अठराव्या मजल्यावर बसून मी हे लिहिते आहे. इथे प्रत्येकाचं दार बंद असतं, लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर ती मोबाइलमध्ये बघते आणि मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघते. चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरमध्ये राहायचो. बाबा गोदीत कारकून, आई घरी, आणि मी एकुलती एक. एक खोली, मागे मोरी, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. सकाळी डोळा उघडायचा तो स्टोला पंप मारायच्या आवाजाने. मग नळाखाली बादल्यांचा खणखणाट, कुणाच्या तरी मोरीत धोपटण्याचे धपाधप, पाट्यावर वरवंटा. आई मालवणकडची. तिच्या पाट्यावरच्या वाटणाला तिरफळाचा असा वास यायचा की जिन्यातून चढणारा माणूस दुसऱ्या मजल्यावरच विचारायचा, "आज बांगडे काय?" आठवडाभर कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि भात. रविवारी बांगडे. त्यातला एक तुकडा वाटीत काढून, वर ताटली झाकून, आई मला शेजारी पिटाळायची. शेजारून वाटी कधी रिकामी परत येत नसे. भजी, नाहीतर चार बोंडं, काहीच नसलं तर साखर. कुठल्या घरातून कुठल्या घरात वाटी जाते हे बघितलं की मजल्यावर कोण कुणाचं आहे ते कळायचं. मला ते तेव्हा कळत होतं, पण कळतंय हे माहीत नव्हतं.

सगळ्यात मोठी वाटी इंदूकाकूची. तिचा भाऊ मासळीच्या धंद्यात होता, त्याच्याकडून अख्खी सुरमई यायची. इंदूकाकू ती कापायची आणि कुणाला मधला तुकडा, कुणाला शेपटी, कुणाला नुसतं डोकं, हे ती ठरवायची. उंच, गोरी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की तळमजल्यावरचा भय्या वर बघायचा. तिच्यापुढे कुणी बोलत नसे. शेखर नावाचा एक मुलगा होता तिला, नोकरीला लागलेला, लग्नाचा. त्याच्याबद्दल पुढे येतंच.

आता माळ. दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की नळाला पाणी यायच्या आधीचे दोन तास बायकांचे स्वतःचे. सगळ्याजणी फणी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन गॅलरीत यायच्या आणि एकीच्या पाठीमागे एक अशा जमिनीवर बसायच्या. मागचीने पुढचीचे केस सोडायचे, विंचरायचे, उवा काढायच्या, लिखा नखांवर चिरडायच्या, तेल चोळायचं, वेणी घालायची. लांबून बघितलं तर माळ ओवल्यासारखी दिसायची, म्हणून आम्ही मुलं तिला माळ म्हणायचो. आता नीट बघा. सगळ्यात पुढे जी बसते तिचे केस विंचरले जातात, पण तिला कुणाचे विंचरावे लागत नाहीत. सगळ्यात मागे जी बसते ती विंचरते, तिच्या डोक्याला कुणाचा हात लागत नाही. पुढे इंदूकाकू. जिन्याजवळ, जिथे वारा येतो तिथे. तिच्या मागे कुंदाकाकू, तिचा उजवा हात. तिसरी आई. मग सुषमावहिनी, नवीन लग्न होऊन आलेली. मधल्या चारदोन जणी बदलायच्या. आणि सगळ्यात शेवटी नलूमावशी. नलूमावशी विधवा होती, मूलबाळ नव्हतं, पापड लाटून पोट भरायची. कोणी कुठे बसायचं हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, आणि कधी कुणी चुकलंही नव्हतं.

माझ्या आईचा गुन्हा सांगते. शेखरसाठी गिरगावातल्या एका घरातून विचारणा आली होती. मुलीकडची माणसं बघायला आली, आत पोहे चालू झाले, आणि त्यांच्यातली एक आत्या "जरा हवा घेते" म्हणून गॅलरीत आली. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. हवा कुणी घ्यायला येत नाही, शेजारी चौकशी करायला येतात. आणि शेजाऱ्यांनी काय बोलायचं तेही ठरलेलं असतं: मुलगा निर्व्यसनी आहे, मान खाली घालून जातो, मान खाली घालून येतो. आत्याबाई आमच्या दाराशी थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "मुलगा कसा आहे हो?" आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "पितो. पगार झाला की जिन्यात पडलेला असतो, आमचे हे उचलून वर आणतात. तुमची मुलगी तुम्ही लाडाने वाढवली असेल."

एवढंच. स्थळ गेलं. रात्री बाबा म्हणाले, "कशाला बोललीस?" आई म्हणाली, "तिना इचारल्यान. मी खरा ता सांगलंय. त्या चेडवाचा वाटोळा कित्याक करूचा?" तिच्या दृष्टीने विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई फणी घेऊन गेली आणि आपल्या तिसऱ्या जागी टेकणार तोच कुंदाकाकू पुढे बघत म्हणाली, "वैनी, इथे आज सुषमा बसतेय." आई एक जागा मागे सरकली. तिथलीने पाय पसरले. आई आणखी मागे गेली. असं करत करत नलूमावशीच्या पाठीमागे पोचली आणि तिच्या केसांना हात लावला, तर नलूमावशी उठली. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणाली. तिच्याकडे गॅस नव्हता. मग एकेक करत सगळ्या उठल्या, चार पावलं पलीकडे सरकल्या आणि पुन्हा माळ लागली. इंदूकाकूने एकदाही मागे वळून बघितलं नाही. आई हातात फणी धरून तशीच बसून राहिली. मी दारात उभी होते, पुस्तक घेऊन. माझ्या पोटात त्या वेळी जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. नळावर आईची बादली कुणी पुढे ढकलेना. आमच्याकडे वाटी येईना. आईने रविवारी पाठवलेली वाटी सुषमावहिनीने दारातच परत दिली, "आज उपास आहे" म्हणाली, आणि मागून तळलेल्या मांदेलीचा वास येत होता. आई गॅलरीतून चालली की बोलणं थांबायचं, ती मोरीत शिरली की पुन्हा सुरू व्हायचं. माझी आई मुळात बडबडी. तिला बोलायला कारण लागत नसे, ती डाळीशीही बोलायची. ती गप्प झाली. केस विंचरायची नाही, नुसता बुचडा बांधायची. मी म्हणायचे, "ये, मी वेणी घालते," तर म्हणायची, "ऱ्हवांदे." वाटण वाटता वाटता मध्येच थांबायची आणि वरवंट्यावर हात ठेवून बसून राहायची. आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "आपण गावाक जावया."

बाबांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण ती रोज तेच म्हणायला लागली, तेव्हा त्यांनी खोलीसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. ते खानावळीत राहणार, आई आणि मी गावी. मी तेव्हा दहावीला होते. गावात शाळा होती ती दहावीपर्यंत, कॉलेजचं नाव नव्हतं. म्हणजे मी दहावी झाले की शेणगोठा आणि मग एखादा शेखर. इंदूकाकूच्या पोराचं एक लग्न मोडलं म्हणून माझं शिक्षण मोडणार होतं. मला रडू आलं नाही. मला तिचा गळा धरावासा वाटला.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दादरच्या, सकाळी भरणाऱ्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी हॉलमध्ये पडदा लावून चिंपांझींवरची एक फिल्म दाखवली. मुली सुरुवातीला फिदीफिदी हसत होत्या. पडद्यावर एक चिंपांझी दुसऱ्याच्या पाठीमागे बसून त्याचे केस विंचरत होता, बोटांनी बाजूला सारत होता, काहीतरी टिपून तोंडात टाकत होता. बाई म्हणाल्या, "ह्यांच्या अंगावर इतकं काही नसतं गं. किडा काढणं हे निमित्त. तू माझा आहेस का, हे ते असं विचारतात." पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "ईऽऽ." मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. पडद्यावर आमची गॅलरी चालू होती.

फिल्ममध्ये कळपाचा एक म्होरक्या होता, दांडगा, केस फुलवून फांद्या आपटत धावायचा, सगळे बाजूला व्हायचे. त्याने शिकार केली की मांस हातात धरून बसायचा आणि कुणाला द्यायचं ते तो ठरवायचा. आणि एक दुसरा होता, अंगाने बारीक. तो म्होरक्याच्या वाटेला कधीच जात नसे. तो म्होरक्याच्या दोस्तांजवळ जाऊन बसायचा. एकेकट्याजवळ. तासन् तास त्यांचे केस निवडायचा, माद्यांच्या पिल्लांना खेळवायचा. आणि मग एक दिवस दोघांची जुंपली तेव्हा म्होरक्या किंचाळला आणि त्याने आपल्या जुन्या दोस्ताकडे बघून हात पसरला. तो दोस्त तिथेच बसला होता. त्याने दुसरीकडे बघितलं आणि आपलं कोपर खाजवलं. झालं, म्होरक्या संपला. बाईंनी दिवे लावले. बाकीच्या मुली उठल्या, मी बसून होते. मला काय करायचं ते कळलं होतं.

पुढे माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली, माटुंग्याच्या एका कॉलेजात. चिंपांझींचा तास आला की माझा आवाज चढतो असं विद्यार्थी म्हणायचे. त्यांच्यात माद्या वयात आल्या की बहुतेक जणी आपला कळप सोडून परक्या कळपात जातात. तिथे त्यांचं कोणी नसतं, आधीपासूनच्या माद्या त्यांना हुसकून लावतात, आणि त्या बिचाऱ्या कडेकडेने राहून, याच्या त्याच्या पाठीला हात लावून आपली जागा करतात. हे शिकवताना मला नेहमी ती माळ दिसायची. आमच्या मजल्यावरच्या सगळ्याजणी अशाच आलेल्या होत्या, कुणी मालवणहून, कुणी साताऱ्याहून, ट्रंक घेऊन, नवऱ्याशिवाय कुणाची ओळख नसताना. इंदूकाकूसुद्धा. म्हणून मला तिची जास्त चीड येते. तिला पक्कं ठाऊक होतं की हातातून माळ सुटली की बाईचं काय होतं.

मी शेवटापासून सुरुवात केली. शाळा सुटली की मी थेट नलूमावशीकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, तुमचे केस विंचरू?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही तरी मागायला आले आहे. मी तिच्या मागे बसले आणि बुचडा सोडला. तिच्या डोक्याला दुसऱ्याचा हात किती वर्षांनी लागला होता कोण जाणे. केसांच्या गाठी झाल्या होत्या, उवा तर विचारू नका. मी फणी फिरवत राहिले आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मला तिची दया आली, आणि त्याच वेळी मला माझ्या आईच्या हाताखालून उठून गेलेली नलूमावशीही आठवत होती. दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवसापासून मी माळेत तिच्या मागे, अगदी शेवटी जाऊन बसायला लागले. कुणी हरकत घेतली नाही. शेपटाला बसलेल्या पोरीची कुणाला काय भीती? इंदूकाकूने मात्र पुढून विचारलं, "आईने पाठवलं का गं तुला?" मी म्हटलं, "नाही काकू, माझी मीच आले. आई कुठे बोलते कुणाशी." ती हसली. तिला वाटलं, पोरगी फुटली.

ज्याचे केस तुम्ही विंचरता तो माणूस बोलतो. तोंड दिसत नसतं ना, म्हणून. नलूमावशी बोलायला लागली. सुषमावहिनीला नुकती मुलगी झाली होती. ती दमून जायची, मी बाळाला मांडीवर घ्यायचे, थोपटून निजवायचे, आणि तीही बोलायला लागली. इंदूकाकू न विचारता बाळ उचलून नेते, आणि वर सगळ्यांना सांगते, सुषमाला दूधच नाही पुरेसं, म्हणून पोर किरकिर करते. मी म्हटलं, "तुम्ही काही बोलत नाही का?" ती म्हणाली, "मग मला पण तुझ्या आईसारखं बसवतील." मी एक गोष्ट अगदी छातीवर हात ठेवून सांगते, मी एकीचं दुसरीला सांगताना माझ्या पदरचा एक शब्द घातला नाही. गरजच पडली नाही. इंदूकाकूने मागे इतकं पेरून ठेवलं होतं की मला फक्त पाणी घालायचं होतं. आणि मी ते मनापासून घातलं.

खरं घबाड नलूमावशीने दिलं. कुंदाकाकूची मुलगी रेखा, हुशार, देखणी, तिचं एक चांगलं स्थळ आदल्या वर्षी बघून जाऊन परत आलंच नव्हतं. का, ते कुंदाकाकूला कधीच कळलं नाही. तिने पत्रिकेला दोष दिला होता, शनिवार धरले होते. नलूमावशी म्हणाली, "मी जिन्यात पापडाचा डबा घेऊन उभी होते. त्यांच्यातली बाई हवा खायला बाहेर आली तेव्हा इंदूने तिला सांगितलं, पोरगी चांगली आहे हो, पण फिट येतात." मी फणी थांबवली. रेखाला कधी साधा खोकला आलेला मी बघितला नव्हता. शेखरला कोणी विचारेना आणि रेखाला एवढं चांगलं घर मिळतंय, हे इंदूकाकूला बघवलं नाही, दुसरं काय. माझ्या आईने खरं सांगितलं तर तिला वाळीत टाकलं, आणि ही बया खोटं बोलून माळेच्या पुढे वारा खात बसली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कुंदाकाकूपर्यंत पोचायला वेळ लागला. तिच्या मागे बसणारी सुषमावहिनी चार दिवस माहेरी गेली तेव्हा तीच म्हणाली, "ये गं शैला, तुझा हात हलका आहे म्हणे." मी तिच्या मागे बसले. माझ्या पुढे कुंदाकाकू, तिच्या पुढे इंदूकाकू. कुंदाकाकू तिच्या केसांना तेल चोळत होती. मी अगदी कानाशी, हळू म्हटलं, "काकू, रेखाताईचं स्थळ का गेलं ते नलूमावशींना विचारा. त्या जिन्यात होत्या." कुंदाकाकूचे हात इंदूकाकूच्या डोक्यावर थांबले. "काय झालं गं, ऊ सापडली?" इंदूकाकूने विचारलं. "हो," कुंदाकाकू म्हणाली, "मोठी आहे." आणि पुन्हा तेल चोळायला लागली. मला वाटलं होतं ती तिथेच झिंज्या धरेल. ती पक्की बाई होती, तिने थांबायचं ठरवलं.

शेखरसाठी दुसरं स्थळ आलं ते दादरचं. इकडे बाबांचं गिऱ्हाईक खोली बघून गेलं होतं, आईने गावी न्यायची भांडी वेगळी काढायला घेतली होती. मुलीकडची माणसं दुपारी आली. इंदूकाकू आत पोहे परतत होती, आणि ह्या वेळी तिने बंदोबस्त करून ठेवला होता. माळ नेहमीच्या जागी बसवली होती, पुढे कुंदाकाकू, म्हणजे जी कोणी हवा घ्यायला येईल तिला पहिली तीच भेटेल. मुलीची मावशी बाहेर आली, कठड्याला टेकली आणि कुंदाकाकूला विचारलं, "शेखर कसा आहे हो मुलगा?" कुंदाकाकू म्हणाली, "आम्ही काय सांगणार. चौदा नंबरात विचारा. त्या खोटं बोलत नाहीत." मावशीने सुषमावहिनीकडे बघितलं. सुषमावहिनी बाळाला थोपटत म्हणाली, "चौदा नंबर." नलूमावशी शेवटून उठली आणि त्या बाईला आमच्या दारापर्यंत घेऊन आली. मी आतच होते. आई सुकट निवडत बसली होती. बाईने विचारलं, आईने तिच्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. सगळी माळ तिच्याकडे तोंड करून बसली होती. कितीतरी दिवसांनी त्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आई म्हणाली, "बसा, पाणी घ्या. मुलगा पितो. मागे एकांनी विचारलं होतं त्यांनाही हेच सांगितलं, अजून पितोच."

पोहे बशीत तसेच राहिले, माणसं जिना उतरून गेली. मग इंदूकाकू बाहेर आली, हातात कालथा, कुंकू फिसकटलेलं. आमच्या दाराकडे हात करून जे काही बोलली ते मी इथे लिहिणार नाही. आई उठलीसुद्धा नाही. इंदूकाकू वळून म्हणाली, "कुंदा, तू तरी बोल. तू सांगितलं नाहीस त्यांना?" कुंदाकाकूने खाली बघितलं आणि पदर सारखा केला. "सुषमा, नले, अगं तोंडं शिवली का तुमची?" कुणी हललं नाही. मग कुंदाकाकू सावकाश म्हणाली, "माझ्या रेखाला फिट येतात ना इंदू? मला घरी जायला हवं, तिच्याकडे बघायला." आणि ती उठून गेली. इंदूकाकूचा चेहरा मी डोळे भरून बघितला. आजही दात दुखत असले, झोप लागत नसली, की मी तो चेहरा आठवते आणि मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी माळ गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला लागली. कुंदाकाकू आमच्या दारात येऊन आईला हाताला धरून घेऊन गेली, "वैनी, पुढे बसा." आई पुढे बसली नाही, आपल्या तिसऱ्या जागी बसली. जिन्याजवळ इंदूकाकू केस सोडून बसली होती. पाठीमागे कुणी नाही. नळाला पाणी येईपर्यंत तशीच बसली, मग स्वतःच बुचडा बांधून आत गेली. हे रोज चाललं. तिची वाटी दारातून परत जायची, ती गॅलरीतून चालली की बोलणं थांबायचं. मी शाळेतून धावत यायचे हे बघायला. पण आई अजूनही गावची भांडी परत मांडणीवर लावेना. मी चिडून म्हटलं, "आता काय झालं? आता तर सगळ्या बोलतात तुझ्याशी." आई म्हणाली, "आज ती बसलीहा थय एकटी. उद्या परत माझी पाळी येतली. हयसर ऱ्हवान काय करूचा?" मी म्हटलं, तिला बसूदे, मरेपर्यंत बसूदे.

त्याच दुपारी आई फणी आणि तेलाची बाटली घेऊन उठली, पण माळेकडे वळली नाही. सरळ जिन्याकडे चालत गेली. मला वाटलं, आता ही तिच्या मागे बसणार, तिचे केस विंचरणार, तिला माफ करणार, आणि माझ्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवणार. मी "आई" म्हणून हाकही मारली. सगळी माळ मान वळवून बघत होती. आई इंदूकाकूपाशी पोचली, पण मागे गेली नाही. ती तिच्या पुढ्यात, वाऱ्याच्या जागी, तिच्याकडे पाठ करून बसली. बुचडा सोडला, केस पाठीवर टाकले, आणि फणी खांद्यावरून मागे धरली.

इंदूकाकू फणीकडे बघत राहिली. मग तिने ती घेतली. ज्या बाईने माझ्या आठवणीत कधी कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता, ती माझ्या आईच्या केसांतून फणी फिरवायला लागली. तेल चोळलं, तीन पेड केले, वेणी घालत खाली आली. आई समोर रस्त्याकडे बघत होती. वेणी पुरी झाल्यावर तिने हात मागे नेऊन चाचपली.

"घट्ट घाल गो इंदू," आई म्हणाली. "सैल वेणी माका चलत नाय. आणि उद्या अशीच वेळेवर येऊन बस."

इंदूकाकूने वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.